जमीन आणि यंत्र यांच्यामधले दोन मीटर

उंची म्हटली की आपल्याला डोंगर आठवतात. कळसूबाई १६४६ मीटर, एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर. शाळेत हे आकडे आपण पाठ केलेले असतात. मला आज ज्या उंचीविषयी बोलायचे आहे ती मात्र एवढी मोठी नाही. ती जेमतेम माणसाएवढी, फार तर दोन मीटर. मोजणीचे यंत्र थेट जमिनीवर ठेवून चालत नाही. ते तिपाईवर नाहीतर काठीवर उभे करावे लागते. म्हणजे यंत्र जे मोजते ते स्वतःच्या जागेपासून मोजते, आणि आपल्याला हवी असते ती जमिनीची उंची. या दोहोंमधले अंतर कोणीतरी टेप लावून मोजायचे, वहीत लिहायचे आणि शेवटी हिशेबात वजा करायचे किंवा मिळवायचे. एवढेसे हे काम. पण गेल्या दोनशे वर्षांत यंत्रे कितीही बदलली तरी हे काम माणसाकडेच राहिले आहे. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात सर्वेक्षण हा विषय शिकवला. विद्यार्थी सर्वांत जास्त कशाला कंटाळतात असे मला कोणी विचारले, तर मी या रकान्याचेच नाव घेईन.

खरे तर ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०च्या सुमारास ‘लीलावती’ सिद्ध केली. तिच्यात छायेच्या गणिताचे एक प्रकरण आहे. उंचावर दिवा आहे, त्याच्यापासून काही अंतरावर बारा अंगुळांचा शंकू उभा केला आहे आणि शंकूची सावली जमिनीवर पडली आहे. यावरून दिव्याची उंची काढायची. त्रिकोणांच्या प्रमाणाने उत्तर येते, पण ते उत्तर असते शंकूच्या टोकापासून दिव्यापर्यंतचे. म्हणून आचार्यांची रीत शेवटी सांगते की त्यात शंकूची उंची मिळवावी. ही शेवटची बेरीज विसरली तर सगळे गणित बरोबर करूनही दिवा बारा अंगुळे खाली येतो. आज उपग्रहाच्या यंत्राने मोजणी करणारा मुलगा जेव्हा पोलची उंची भरतो, तेव्हा तो याच शेवटच्या पायरीवर उभा असतो.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १० एप्रिल १८०२ रोजी कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजायला सुरुवात केली आणि हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ झाला. त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. डोंगरमाथा, मंदिराचे शिखर, किल्ल्याचा बुरूज, जिथून लांबवर दिसेल तिथे तो चढवावा लागे. १८०८मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आपटला आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. लॅम्ब्टन यांनी ती खपून पुन्हा नीट केली. पुढे हे काम उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या विदर्भापर्यंत आले. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्ब्टन वारले. त्यांची समाधी आजही तिथे आहे. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात पृथ्वीचा आकार मोजायला निघालेला माणूस विसावला आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असते.

या सर्वेक्षणाच्या ठाण्यावर खडकात किंवा पुरलेल्या दगडावर एक वर्तुळ आणि मध्ये टिंब कोरलेले असे. थिओडोलाइट त्या टिंबाच्या बरोबर वर यावा म्हणून ओळंबा सोडत, पाणसळीने यंत्र समपातळीत आणत आणि मग मोजणी होई. टिंबावर यंत्र आले की आडव्या मोजणीपुरते काम भागते. पण डोंगराची उंची काढायची असेल तर उभा कोन घ्यावा लागतो, आणि तो कोन दगडावरून घेतलेला नसतो, यंत्राच्या अक्षावरून घेतलेला असतो. म्हणून दगडापासून अक्षापर्यंतची उंची मोजायची. समोरच्या ठाण्यावर ज्या खुणेकडे पाहिले, मग ती झेंडी असो, दिवा असो की सूर्यप्रकाश परावर्तित करणारा आरसा असो, ती जमिनीपासून किती वर होती तेही लिहायचे. एकीकडे यंत्राची उंची, दुसरीकडे खुणेची उंची. दोन्ही लिहिल्या तरच दोन दगडांमधला खरा फरक हाती येतो.

एव्हरेस्टची गोष्ट याच दृष्टीने पाहा. १८४९-५०मध्ये उत्तर बिहारच्या सपाट मुलखातल्या सहा ठाण्यांवरून त्या शिखराचे कोन घेतले गेले. अंतर होते पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळेच सुमारे २.४ किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा वर दिसते, तो फरक काहीशे मीटरांचा. राधानाथ सिकदार ज्या गणना विभागाचे प्रमुख होते, त्या विभागाने हा सारा हिशेब केला आणि १८५६मध्ये अँड्र्यू वॉ यांनी उंची जाहीर केली ती २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८८४० मीटर. आजच्या आकड्याहून साधारण नऊ मीटर कमी. दुरून, कोणीही शिखरावर न जाता, केवळ कोनांवर केलेल्या या कामाला आजही हात जोडावेसे वाटतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. किरण किती वाकला याचा अंदाज नंतर सुधारता येतो. शास्त्र पुढे गेले की जुन्या वह्या काढून नव्याने गणित मांडता येते. पण १८४९च्या एखाद्या सकाळी तिपाईचे पाय किती रोवले होते आणि यंत्र दगडापासून किती वर होते, हे नंतर कुठल्याही शास्त्राने सांगता येत नाही. ते त्या सकाळीच लिहावे लागते. मोठ्या दुरुस्त्या पुढची पिढी करू शकते. ही छोटी दुरुस्ती मात्र ज्याच्या हातात टेप होती त्याच्यावरच अवलंबून असते.

पुढे १९५२ ते ५४ या काळात आपल्या सर्वेक्षण विभागाने जवळच्या ठाण्यांवरून नवी निरीक्षणे घेतली आणि बी. एल. गुलाटी यांनी २९,०२८ फूट, म्हणजे ८८४८ मीटर हा आकडा दिला. तो अनेक दशके पाठ्यपुस्तकांत टिकला. १९७५मध्ये चिनी गिर्यारोहकांनी शिखरावर धातूची एक तिपाई रोवली, सुमारे साडेतीन मीटर उंचीची. खालच्या ठाण्यांवरून त्या तिपाईवर नेम धरून कोन घेतले गेले. उत्तर आले ८८४८.१३ मीटर. दशांशानंतरचे दोन अंक सांगायचे, तर ती तिपाई बर्फावर नेमकी किती उभी आहे हे माहीत असायलाच हवे. जगातल्या सर्वांत उंच ठिकाणीही प्रश्न तोच होता. खूण जमिनीपासून किती वर?

आता डोंगरावरून शेतात उतरू. मुंबई इलाख्यातल्या जमीनमहसुलाच्या मोजणीचा पाया १८३६मध्ये इंदापूर तालुक्यात घातला गेला. गोल्डस्मिड आणि विंगेट ही नावे महसूल खात्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतात. ती मोजणी साखळीची. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. या मोजणीला लांबी-रुंदी हवी होती, उंचीशी तिला कर्तव्य नव्हते. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र असते, आकार असतो, पण शेत समुद्रसपाटीपासून किती वर आहे याचा रकाना नसतो. शेतकऱ्याच्या आयुष्यात उंची आली ती कालव्याबरोबर. पाणी सातबारा वाचत नाही, ते फक्त उतार ओळखते.

समुद्रसपाटी तरी कोणती? देशाच्या किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांत भरती-ओहोटीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. त्यांत मुंबईचे अपोलो बंदर होते, कारवार होते. त्या सरासरीवरून १९०९पर्यंत देशभर पातळ्यांचे जाळे विणले गेले. रेल्वे स्टेशनांजवळ, पुलांवर, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात दगडी बेंचमार्क बसले. तिथून पातळी पुढे न्यायची ती लेव्हल यंत्राने आणि स्टाफने, म्हणजे खुणा असलेल्या उंच पट्टीने. हा स्टाफ धरणाऱ्या माणसाला सर्वेक्षणाच्या भाषेत खलाशी म्हणतात. स्टाफ उभा धरणे, त्याच्या तळाला चिखल चिकटू न देणे आणि तळाचा लोखंडी तुकडा झिजला असेल तर साहेबांच्या कानावर घालणे ही त्याची जबाबदारी. कित्येक कालव्यांचे पाणी आज नीट वाहते त्यात अशा अनाम खलाशांचा वाटा आहे, असे मी वर्गात आवर्जून सांगत असे.

मग उपग्रह आले. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८मध्ये सुटला आणि १९९५मध्ये ही व्यवस्था पूर्णत्वाने कामाला लागली. आता डोंगरावर डोंगर दिसण्याची गरज उरली नाही. दोन मीटरचा पोल, त्यावर भाकरीएवढी अँटेना, हातात कंट्रोलर. याला रोव्हर म्हणतात. एक माणूस दिवसभरात शेकडो बिंदू सहज घेतो. लोकांना वाटले की मोजणीतली चूक आता संपली. पण अँटेनेला जमीन दिसतच नाही. ती स्वतःची जागा सांगते. जमीन तिच्या किती खाली आहे हे तिला आपण सांगायचे असते.

त्यातही बारकावे आहेत. अँटेना उपग्रहाचा संदेश ज्या बिंदूवर पकडते तो बिंदू तिच्या पोटात असतो, बाहेरून दिसत नाही, आणि वेगवेगळ्या लहरींसाठी तो किंचित वेगळा असतो. म्हणून प्रत्येक जातीच्या अँटेनेचे मोजमाप करून तक्ते तयार करतात आणि सामान्यतः अँटेनेच्या तळाचा बिंदू हा संदर्भ धरतात. जगभरच्या कायम स्थानकांच्या संस्थेने नोव्हेंबर २००६मध्ये असे तक्ते तयार करण्याची पद्धत बदलली, तेव्हा स्थानकांच्या उंच्यांचे आकडे थोडे सरकले. जमीन हलली नव्हती, अँटेनेविषयीचे आपले ज्ञान सुधारले होते.

दुसरा बारकावा तिरप्या मापाचा. अँटेना तिपाईवर असेल तर खालच्या खुणेपासून सरळ वर टेप लावता येत नाही, मध्ये तिपाईचे डोके येते. म्हणून अँटेनेच्या कडेपर्यंत तिरपे माप घेतात. समजा तिरपे माप १.५२० मीटर आले आणि मध्यापासून कड १७ सेंटिमीटर दूर आहे. पायथागोरसच्या नियमाने सरळ उंची येते १.५१० मीटर. फरक जवळजवळ एक सेंटिमीटर. तिरपे माप ‘सरळ’ म्हणून भरले की तेवढी चूक प्रत्येक बिंदूत शिरते, आणि ती सगळीकडे सारखीच असल्यामुळे कुठेही उघडी पडत नाही.

काटकोन त्रिकोणाची आणखी एक गंमत. दोन मीटरचा पोल पाच अंशांनी कलला, तर उंचीत फरक पडतो फक्त पाऊण सेंटिमीटरचा, पण जागा सतरा सेंटिमीटरने सरकते. उलट पोल अगदी ओळंब्यात असेल आणि भरलेली उंचीच चुकली असेल, तर जागा बरोबर राहते, उंची मात्र पूर्णपणे चुकते. म्हणून बांधाची हद्द मोजणाऱ्याने पोलवरच्या बुडबुड्याकडे पाहावे आणि कालवा मोजणाऱ्याने कंट्रोलरमधल्या आकड्याकडे. खरे तर दोघांनीही दोन्हींकडे पाहावे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्यावर आलेला प्रसंग सांगतो. एका वितरिकेसाठी मोजणी चालली होती. सकाळी पोल १.८ मीटरवर ठेवला होता आणि कंट्रोलरमध्येही तोच आकडा होता. पुढे ज्वारीचे उभे पीक लागले, कणसे अँटेनेच्या आड येऊ लागली, म्हणून पोल धरणाऱ्या मुलाने तो २ मीटरवर चढवला. कंट्रोलरमधला आकडा तसाच राहिला. संध्याकाळी शेवटच्या बेंचमार्कवर टेकले तेव्हा उंची वीस सेंटिमीटर जास्त आली.

वीस सेंटिमीटर म्हणजे काय? पाच हजारास एक असा उतार असलेल्या कालव्यात एका किलोमीटरला पाणी उतरते बरोबर वीस सेंटिमीटर. म्हणजे कागदावर एक किलोमीटरचा सगळा उतार नाहीसा झाला होता. पुढची शेते होती त्यापेक्षा वर दिसत होती. नकाशावरच ती लाभक्षेत्रातून वगळली गेली असती. टेलच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही याची अनेक कारणे आपण ऐकतो. त्यांत पोलची एक खाच हेही एक कारण होऊ शकते, हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी सुचवले की सगळ्या बिंदूंतून सरसकट वीस सेंटिमीटर वजा करा आणि मोकळे व्हा. माझा विद्यार्थी तयार झाला नाही. कारण सकाळचे बिंदू बरोबर होते, ते बिघडले असते. त्याने पोल धरणाऱ्या मुलाला विश्वासात घेऊन विचारले. रागावला असता तर मुलगा गप्प बसला असता. त्याने सांगितले, ‘ओढा ओलांडला आणि वडाच्या पुढच्या बांधापासून चढवला, दादा.’ दुसऱ्या दिवशी दोघे ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे काही बिंदू पुन्हा मोजून आले. अलीकडचे जुळले, पलीकडचे वीस सेंटिमीटरने चुकलेले निघाले. मगच पलीकडच्या बिंदूंतून वीस सेंटिमीटर वजा झाले आणि तसा शेरा नकाशावर लिहिला गेला.

वजाच का, मिळवायचे का नाही? पोल प्रत्यक्षात उंच असताना कमी भरला, तर यंत्र अँटेनेच्या उंचीतून कमी वजा करते आणि जमीन वर येते. हीच चूक तळाच्या स्थिर स्थानकावर झाली असती तर परिणाम नेमका उलटा. तिथली उंची कमी भरली की सगळे बिंदू खाली जातात. दुरुस्ती इयत्ता चौथीतल्या वजाबाकीची आहे. कठीण असते ते ही चूक कोणत्या टोकाला, कुठून कुठपर्यंत झाली हे सिद्ध करणे. ते काम गणिताचे कमी आणि इतिहासाचे जास्त. साक्षीदार शोधायचा, खुणा तपासायच्या, पुरावा जुळवायचा.

जुन्या फील्डबुकाचा नियम याच कारणासाठी होता. वहीत रबर वापरायचे नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर नवा आकडा, शेजारी सही. मुलांना ही शिस्त जाचक वाटे. पण झाकलेली चूक पुन्हा तपासता येत नाही, दिसणारी चूक तपासता येते. आजच्या यंत्रात एका बटणाने जुना आकडा पुसला जातो आणि पडदा स्वच्छ दिसतो. म्हणून नवी यंत्रे हाती आली तरी मुलांनी खिशात छोटी वही ठेवावी आणि पोलची उंची बदलली की वेळ, बिंदूचा क्रमांक आणि नवे माप लिहावे, असा माझा आग्रह असे. सकाळी एकदा आणि काम संपल्यावर एकदा, अशी टेप दोनदा लावावी. दिवसाची सुरुवात आणि शेवट माहीत असलेल्या खुणेवर करावा. पोलचे टोक झिजते, बदलले जाते, मध्ये एखादा जोड बसवला जातो, तेव्हा पोलवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.

२५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर एव्हरेस्ट खचले की काय, अशी चर्चा झाली आणि नेपाळने स्वतः उंची मोजायचे ठरवले. २२ मे २०१९च्या पहाटे, तीन वाजण्याच्या सुमारास, खिमलाल गौतम आणि त्यांचे सहकारी अंधारात शिखरावर पोहोचले. त्यांनी अँटेना उभी केली आणि बर्फाची खोली मोजायला रडार चालवले. या मोहिमेत गौतम यांना हिमदंशाने पायाचे बोट गमवावे लागले. पुढच्या वर्षी मेमध्ये चिनी पथक चढले. नेपाळची उंची बंगालच्या उपसागरापासून मोजलेली, चीनची पीत समुद्रापासून. ८ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही देशांनी मिळून आकडा जाहीर केला तो ८८४८.८६ मीटर. यातले शेवटचे सहा सेंटिमीटर सांगायचे धाडस करता येते, कारण गोठलेल्या बोटांनी कोणीतरी अँटेना बर्फापासून किती वर आहे ते मोजून लिहिले होते.

आता रोव्हर आपल्या गावातही आला आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, आणि शेतजमिनीच्या मोजणीतही साखळीची जागा हळूहळू रोव्हर घेत आहे. उद्या तुमच्या बांधावर मोजणीदार आला तर यंत्राकडे नुसते कौतुकाने पाहत राहू नका. पोल सरळ आहे का, ते बघा. पाण्याच्या पातळीचे काम असेल तर पोलची उंची किती आणि ती कंट्रोलरमध्ये किती भरली आहे, एवढे जरूर विचारा. चांगला मोजणीदार रागावणार नाही. तो टेप काढून तुमच्यासमोर पुन्हा मोजून दाखवेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)